मुकी वेळ अमावास्या

मंडईत तुरीच्या ओल्या शेंगांचे ढीग लागले, वाटाणा स्वस्त झाला आणि मेथी, चुका, कांद्याची पात घेऊन बसलेल्या बायका "भज्जीला न्या, भज्जीला न्या" म्हणून सणाच्या मिश्र भाजीसाठी ओरडू लागल्या, की सोलापुरात कॅलेंडर बघावं लागत नाही. मार्गशीर्षाची अमावास्या जवळ आलेली असते. आमच्या भागात ती वेळ अमावास्या. त्या दिवशी बाजारपेठ ओस पडते आणि अख्खं गाव रानात जाऊन जेवतं. ज्याला रान नाही त्याला दुसऱ्याच्या रानातलं बोलावणं असतं.

यंदाही पिशवी घेऊन मंडईत गेलो. शेंगा चाचपून बघितल्या, भाव केला आणि काहीही न घेता घरी परत आलो. शांतानं, माझ्या बायकोनं, रिकामी पिशवी बघून विचारलं, "पैसे विसरलात का?" त्या आधीच्या दुपारी दिवाणखान्यात जे ऐकलं होतं ते अजून कानातून जात नव्हतं.

आमचं रान अक्कलकोटच्या बाजूला आहे. काळी जमीन, मधून एक ओढा. लहानपणी बैलगाडीतून जायचो, पुढे टेम्पो आला. पण पोचल्यावरचा वास तोच. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप, तिच्या आत पांडव म्हणून मांडलेले, चुना लावलेले पाच दगड, गाडग्यातली आंबील आणि बाजरीचे उंडे. आंबिलीचा आंबट वास आणि कडब्याचा गोडसर वास एकत्र झाला की मला आजही भूक लागते. ज्वारी डोक्याएवढी झालेली असते. वारा सुटला की तिची पानं एकमेकांवर घासून असा आवाज करतात, जणू शेजारच्या खोलीत कोणी कोरी लुगडी उलगडतंय. पूजा झाली की एकाने आंबिलीचं मडकं घ्यायचं, निंबाच्या डहाळीनं ती पिकावर शिंपडत रानाला फेरी मारायची आणि मागून सगळ्यांनी कानडीत आरोळी द्यायची. त्या आरोळीचा अर्थ आमच्यातल्या निम्म्या लोकांना सांगता येणार नाही. ती ओरडायची असते, समजून घ्यायची नसते.

मडकं आमच्याकडे नेहमी अक्काच्या हातात असे. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, निलव्वा. ती मला अजून तम्मा म्हणते, कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. लग्न होऊन अक्कलकोटला गेली तरी वेळ अमावास्येला ती यायचीच. वडील म्हणायचे, निलव्वा शिंपडते तेव्हा थेंब सगळीकडे सारखा पडतो. मी शिंपडलं की ज्वारीच्या एकाच ताटाची अंघोळ होते.

ज्या सालची गोष्ट मी सांगतो आहे, त्या साली भाद्रपदात अक्काचे यजमान गेले. वडील तर आधीच गेले होते. घरातला कर्ता आता मी. त्याच साली शांताचा भाऊ शिवानंद नोकरीतून सुट्टीवर आला होता आणि त्यानं हातात मावणारा व्हिडिओ कॅमेरा आणला होता. दिवसभर तो कॅमेरा डोळ्याला लावून रानात उलटा चालत होता. दोनदा हरभऱ्यात पडला.

ती कॅसेट पुढे बुरशी लागून गेली. पण त्याआधी शिवानंदनं लग्नाच्या शूटिंगवाल्याकडून तिची फाइल करून घेतली होती. ती आमच्या घरी आली, आम्ही पेन ड्राइव्हवरून जुन्या टीव्हीवर लावली, तर चित्र उत्तम आणि आवाज नाही. शिवानंद म्हणाला, "माईकच गेला असणार. पडलो तेव्हा." सगळे हसले. विषय संपला. कॉम्प्युटर होता, पण त्याला स्पीकर कधी लावलेच नव्हते. आम्ही ते मान्य करून टाकलं, की ही वेळ अमावास्या मुकी आहे.

आणि मुकीला मी वाचा दिली.

दरवर्षी अमावास्येच्या आदल्या संध्याकाळी धाकट्या भावाचं कुटुंब, सुना, लेकी, नातवंडं आमच्याकडे जमतात. बायका शेंगा सोलतात, भाजी निवडतात आणि टीव्हीवर ती फाइल लागते. "काका, कॉमेंट्री!" असा गलका होतो. मी खुर्ची पुढे ओढतो. पडद्यावर आई तोंड हलवते आणि मी आईच्या तोंडचं बोलतो. शिवानंद कोपीत वाकतो आणि मी म्हणतो, "मेव्हण्यांना पांडवांपेक्षा उंड्यांचं दर्शन आधी पाहिजे." पोरं लोळून हसतात. मग तो भाग येतो. अक्का मडकं उचलते. मी तिच्याजवळ जातो, माझी पाठ कॅमेऱ्याकडे. अक्काच्या हातून मडकं खाली टेकतं, कलंडतं, आंबील सांडते. ती दोन्ही हात रानाकडे करून जोरजोरानं काहीतरी बोलते आणि तरातरा निघून जाते.

"बघा, बघा, आता अक्का फुटणार," मी म्हणायचो. आणि तिच्या हातांच्या तालावर, तिच्याच ठसक्यात म्हणायचो, "करपू दे तुमचं रान! पुन्हा हितं पाय ठिवणार न्हाय!"

हशा. दर वर्षी त्याच जागी, तेवढाच.

त्याच्या पुढच्या साली पावसानं दगा दिला होता आणि ज्वारी हाती लागली नव्हती. अक्काचा शब्द लागला, असं कोणीतरी म्हणालं. ते मी म्हणालो नव्हतो. पण नाही असंही मी कधी म्हणालो नाही. त्यानंतर जन्मलेल्या पोरांना अक्का म्हणजे रानाला शाप दिलेली आत्या. ती लग्नाकार्याला येते, शेवटच्या ओळीत बसते आणि लवकर जाते. रानात ती पुन्हा आली नाही. "अजून राग गेला नाही," असं आम्ही म्हणायचो.

यंदा दिवाळीला मुलानं मोठा टीव्ही आणला. घरातले सगळे फोटो, बारशी, लग्नं एका डिस्कवर भरून ती डिस्क वाय-फायच्या डब्याला जोडली आणि सांगितलं, "बाबा, आता वायर नाही, पेन ड्राइव्ह नाही. टीव्ही स्वतःच डिस्कमधून उचलतो." तो पुण्याला परत गेला. अमावास्येच्या आधी तालीम म्हणून मी ती जुनी फाइल लावली. चित्र आलं आणि खाली एक पट्टी आली, की या फाइलचा ऑडिओ फॉरमॅट सपोर्ट होत नाही.

मी ती पट्टी पुन्हा वाचली. जुना टीव्ही काही न सांगता गप्प राहायचा. हा नवा टीव्ही म्हणत होता की आवाज आहे, पण मला तो वाजवता येत नाही.

मी टेलिफोन खात्यात लाइनवर आयुष्य काढलं. फोन मुका झाला की लोक म्हणायचे, फोन गेला. आम्ही म्हणायचो, बघू कुठवर जिवंत आहे. एक्स्चेंजपासून खांबापर्यंत, खांबापासून घरापर्यंत, प्रत्येक तुकडा वेगळा करून ऐकायचा. तेच केलं. त्याच डिस्कवरचं नातीचं बारसं लावलं. रडणं, पाळणा, सगळं खणखणीत. म्हणजे टीव्ही ठीक. मग वाय-फाय बाजूला ठेवून डब्यापासून टीव्हीपर्यंत केबल ओढली. जुन्या फाइलचा तोच मुकेपणा, पण चित्र कुठे अडखळत नव्हतं. म्हणजे घरातली लाइनही ठीक. मोबाइलवर लावली तर मोबाइलनं फाइल उघडायलाच नकार दिला. उरली फाइल. आमच्या खात्यात दोष एका जागी सापडला की बरं वाटायचं. मलाही बरं वाटलं. आज त्या बरं वाटण्याची आठवण नको होते.

सुजाताला, सुनेला, फोन लावला. ती पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करते.

"बाबा, जेवणाचा डबा असतो ना, तशी फाइल असते. वरच्या पुडात चित्र, खालच्या पुडात आवाज. तुमच्या टीव्हीला वरचं पूड उघडतं, खालचं उघडत नाही."

"मग खालचं पूड ठोकून उघडू का?"

"ठोकू नका हो! आत काय आहे ते त्याला ओळखता येत नाहीये, एवढंच. फक्त आवाज टीव्हीला कळेल अशा प्रकारात बदलायचा. चित्राला हात लावायचा नाही. मी सांगते तसं करा."

"चित्र बिघडणार नाही ना?"

"मूळ फाइल तशीच राहते, बाबा. नवी बनते. पण एवढं काय आहे त्यात? तुमची कॉमेंट्री आहेच की. मला तर तुमचाच आवाज आवडतो त्यात."

तिनं प्रोग्रॅम पाठवला. कुठे काय निवडायचं ते सांगितलं आणि मी चष्मा पुसत ते केलं. हिरवी पट्टी सरकत गेली. नवी फाइल डिस्कवर टाकली. टीव्हीला ती आधी दिसेचना. वाय-फायचा डबा बंद करून पुन्हा चालू केला, मग दिसली. शांता मंदिरात गेली होती. बाहेर भर दुपारचं ऊन, आत मी एकटा. बटण दाबलं.

आधी वारा आला. ज्वारीच्या पानांचा आवाज, पडद्याच्या दोन्ही बाजूंनी. मग कोणी खोकलं. ती आई होती. माझी आई खोकली की आधी "शिवा" असं देवाचं नाव घ्यायची आणि मग खोकायची, हे मी साफ विसरून गेलो होतो. इतकी वर्षं तिला मी माझाच आवाज दिला होता, थोडा बारीक करून. तिचा खरा आवाज चांगला जाड होता. मी खुर्चीतून उठून टीव्हीपाशी गेलो, जणू जवळ गेल्यावर माणूस भेटेल.

मग मी ऐकला माझा आवाज. तरुण, अधिकाराचा, कुणालातरी ऐकवण्यासाठी काढलेला.

"अक्का, मडकं ठेव खाली. तुझ्या हातचं न्हाई चालत आता."

वारा. आई म्हणाली, "असू दे की रे. तिचंबी रान हाय."

पडद्यावरची माझी पाठ तशीच उभी. मग अक्का, आणि तिच्या आवाजात राग कुठेच नाही. लांबच्या माणसाला हाक मारावी तसा मोकळा, मोठा आवाज.

"ठिवते, तम्मा. आगं बया, सांडली की! सांडू दे, रानालाच मिळाली. पिकू दे माज्या बापाचं रान! लई पिकू दे! मी आपली बांधावर बसते."

दोन्ही हात रानाकडे. तेच हात. ज्यांच्या तालावर मी दर वर्षी "करपू दे" म्हणत आलो.

मी ती जागा मागे नेऊन पुन्हा ऐकली. आमच्या समाजात विधवेला काही कमी मानत नाहीत, असं आम्ही चारचौघांत अभिमानानं सांगतो. मला कोणी पढवलं नव्हतं. आई तर उलट मला अडवत होती, आणि कॉमेंट्रीत मी तिच्या तोंडी काय घातलं होतं? "जाऊ दे तिला!" असं.

मी जाणूनबुजून खोटं बोललो का? रोज स्वतःला विचारतो. शपथेवर सांगतो, मला ते तसंच आठवत होतं. अक्का संतापली, अक्का बोलली, अक्का गेली. माझ्या बोलण्याची मला लाज वाटली असणार, त्याच क्षणी. ती लाज ठेवायला मनात जागा नव्हती, म्हणून ती तिचा राग होऊन बसली. आवाज नव्हता, त्यामुळे मला अडवणारंही कोणी नव्हतं. पहिल्या वर्षी मी ते वाक्य अडखळत म्हटलं असेल. दुसऱ्या वर्षी हशा आला. पुढे ते वाक्य माझ्याइतकंच खरं झालं.

फाइल पुढे चालू होती. पंगत बसली. मोठ्या पडद्यावर आता पाठीमागचं सगळं स्वच्छ दिसतं. जुन्या टीव्हीवर बांधावर एक ठिपका दिसायचा, त्याला आम्ही बाभळीचं खोड समजत होतो. ते खोड नव्हतं. पदर होता. अक्का निघून गेलीच नव्हती, म्हणाली तशी बांधावर बसली होती. इकडे आम्ही जेवतो आहोत, शिवानंद प्रत्येकाच्या ताटावर कॅमेरा नेतो आहे. ताट घेऊन बांधाकडे जाताना पडद्यावर कोणी दिसत नाही.

पुसून टाकायला एक बटण पुरेसं होतं. हे मी लपवणार नाही, तो विचार आला. मूळ मुकी फाइल होतीच. आवाज माझ्याशिवाय कोणी ऐकला नव्हता. परवा घर भरलं असतं, कॉमेंट्री झाली असती, आणि माझ्यानंतर पोरांनी ती पुढे चालवली असती. अक्का शाप देणारी राहिली असती, मी गमत्या काका. रिमोट हातात होता. तेवढ्यात शांता आली. तिनं माझं तोंड बघून चप्पल न काढताच विचारलं, "कोण गेलं?"

मी तिला ऐकवलं. ती उभ्यानं ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "तुम्ही असं बोलला होता?" आणि थोड्या वेळानं, "आणि मी तिथंच होते की. मी उंडे वाढत होते." प्रसाद तिच्या हातातच राहिला होता.

दोन दिवसांनी सकाळच्या एसटीनं अक्कलकोटला गेलो. अक्का उन्हात बसून डाळ निवडत होती. आता कमरेत वाकली आहे, पण नजर तीच, सगळं आधी बघणारी.

"याक तम्मा? का आलास? सगळी बरी हायत न्हवं?"

"तुला न्यायला आलोय. अमावास्येला."

सुपातले तिचे हात थांबले. "बेडा. नको. मी घरी येईन तुज्या, शेंगा सोलीन. रानात न्हाय."

"अजून राग आहे का?"

"कसला राग?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "पिकं उभी हायत पोरांची. माज्यामुळं कशाला..."

तिनं वाक्य पुरं केलं नाही. मला ते कळलं नाही. मला वाटलं, मी त्या दिवशी जे बोललो त्याबद्दल ती म्हणते आहे, हात चालत नाही ते. काय सांगायचं ते घरी सगळ्यांसमोर सांगू, असं ठरवून मी तिची पिशवी उचलली. एसटीत ती खिडकीतून दोन्ही बाजूंची ज्वारी बघत होती. मधेच म्हणाली, "लई झकास आलीय यंदा." आणि लगेच पदर तोंडाला लावून गप्प झाली, जसं काही बोलायला नको ते बोलली.

संध्याकाळी घर भरलं. तुरीच्या सालांचा ढीग वाढत होता, हाताला त्याचा चिकट हिरवा वास. पुतण्या बसू रान कसतो. तो आज शेंगा फोडत मोठ्यानं म्हणाला, "काका, आज तर हिरोइन समोर बसलीय. जपून कॉमेंट्री करा!" दोघी सुना हसल्या. अक्काही हसली. ही फाइल तिनं एकदा बघितली आहे, एका लग्नात, माझ्या कॉमेंट्रीसकट. तेव्हाही ती अशीच पदरात हसली होती. मी ते खिलाडूपण समजलो होतो.

"आज कॉमेंट्री नाही," मी म्हणालो. "आवाज सापडलाय."

बटण दाबलं आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. आईच्या खोकल्याला धाकटा भाऊ ताडकन सरळ बसला. मग माझं वाक्य आलं. खोलीत शेंगा फुटायच्या थांबल्या. मग आईचं. मग अक्काचं. पिकू दे, लई पिकू दे. मी पुढचं थांबवलं. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं. बसूची मान खाली. मी बोलायला सुरुवात केली, की तुम्हाला मी आजवर सांगत आलो ते तिनं कधी म्हटलंच नव्हतं, चूक माझी, तिची नाही. एवढं बोलण्यासाठी मी दोन दिवस शब्द जुळवत होतो. ते सगळे आले तसे पडले.

अक्का माझं ऐकतच नव्हती. ती थांबलेल्या चित्राकडे बघत होती.

"ते मी बोलले?" ती म्हणाली.

"व्हय, अक्का."

"मग करपू दे कोण म्हणलं?"

"कोणीच नाही. ते मी म्हणायचो. चित्राला आवाज नव्हता म्हणून."

तिच्या मांडीवरचं ताट हललं. दाणे सतरंजीवर घरंगळले. कोणी उचलले नाहीत.

"मला वाटलं मीच म्हणलं," अक्का म्हणाली. "लग्नात तू दावलंस तवा. मला काय ध्यानात न्हवतं रे, घरचा माणूस गेलेला, डोकं ठिकाणावर न्हवतं. तू सांगितलंस म्हंजी म्हणलं असंन, असं वाटलं. म्होरं पाऊस न्हाय आला त्याबी साली माजंच तोंड... रोज शिवाच्या म्होरं हात जोडती मी. माज्या तोंडचं माज्या बापाच्या रानाला लागू देऊ नको म्हणून."

मी तिचं नाव लोकांत खराब केलं, एवढंच मला माहीत होतं. ते धुऊन द्यायला मी तिला बोलावलं होतं. तिच्या आत जाऊन तिची स्वतःची आठवण पुसून तिथे माझं वाक्य लिहिलं, हे मला तिनं तोंडानं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. दिलेल्या आशीर्वादाची माफी ती म्हातारपणापर्यंत मागत आली. ज्या ज्या नातलगांना, शेजाऱ्यांना, खात्यातल्या मित्रांना मी ती गंमत सांगितली, त्या सगळ्यांसाठी हे लिहितो आहे. शाप नव्हता. कधीच नव्हता.

मी तिच्यापुढे खाली बसलो. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं डोळे पुसले आणि हात वर करून मला थांबवलं.

"साकु," ती म्हणाली. "पुरे. परत लाव ते. मला ऐकू दे मी काय म्हणले."

मी रिमोट शोधायला लागलो.

"आनि तम्मा," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली, "तू मधी बोलू नको."